मोठी नको, मापाची हवी

चार फुगीर रबरी चाकं, मध्ये उघडंवाघडं इंजिन, वर घोड्याच्या पाठीसारखी लांबट सीट आणि समोर मोटारसायकलचं हँडल. क्वाड बाइक म्हणतात ती हीच. आपल्याकडे ती भेटते ती सहलीत. नागावच्या किनाऱ्यावर, पाचगणीच्या आसपास किंवा गोव्याच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये पैसे मोजायचे, दोन चकरा मारायच्या, फोटो काढायचे आणि भेळ खायला निघायचं. मुलं खूश, आईबाप निर्धास्त. कारण गाडी भाड्याची असते, वाट ठरलेली असते आणि शिट्टी वाजवणारा पोऱ्या दहा पावलांवर उभा असतो.

अमेरिकेत मात्र ही गाडी घरात येते. गॅरेजमध्ये मोटारीशेजारी उभी राहते, शनिवारी ट्रेलरवर चढते आणि डोंगरात जाते. तिथं शिट्टीवाला नसतो. म्हणूनच पहिली क्वाड निवडणं हा तिकडच्या अनेक घरांत चांगला वादाचा विषय होऊन बसतो. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या एका कोल्हापूरकर कुटुंबात २०२३ च्या हिवाळ्यात हा वाद सुरू झाला आणि पुढचे चार महिने पुरला. आश्चर्य एवढंच, की गाडी हवी होती ती घरातल्या तरण्याताठ्या पोरीला नव्हे, तिच्या शेहेचाळीस वर्षांच्या आईला.

या आईची नोकरी एका इस्पितळात, एक्स-रे विभागात. उन्हाळ्यातल्या सोमवारी सकाळी काय काय येतं, हे तिला पाठ होतं. गळपट्टीची हाडं, मनगटं, बरगड्या. कागदावर कारण लिहिलेलं असायचं: क्वाड उलटली. दगडावर चढली, उतारावर आडवी वळवली, मागं मित्राला बसवलं होतं. ती फिल्म बघायची, हळहळायची आणि पुढच्या पेशंटला हाक मारायची. असल्या बाईनं स्वतःच क्वाड घ्यायची म्हटल्यावर नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला, यात त्याचं काही चुकलं नाही.

पण तिचीही बाजू होती. तिच्याच विभागात काम करणारं एक अमेरिकन जोडपं दर उन्हाळ्यात त्यांना मेरिसव्हेल नावाच्या छोट्या गावी घेऊन जायचं. गाव म्हणजे चार रस्ते आणि भोवती डोंगर. पण ते गावच आपल्या कळसूबाईच्या शिखराहून उंचावर वसलेलं. पाययूट ट्रेल ही प्रसिद्ध वाट तिथून जाते. तिचा मुख्य फेराच सुमारे २७५ मैलांचा, म्हणजे ४४० किलोमीटरचा. पाइन, पांढऱ्या खोडांची अस्पेनची झाडं, मध्येच दगडगोटे, मध्येच ओढा आणि वर दहा हजार फुटांवरची मोकळी कुरणं. सकाळी सगळे निघायचे. नवरा त्या मित्राच्या जादा गाडीवर जायचा. ही तंबूपाशी थांबायची, सँडविचं बांधायची आणि संध्याकाळी धुळीनं माखलेल्या मंडळींकडून हरणांची वर्णनं ऐकायची. सलग पाच उन्हाळे हे झालं. सहाव्या वेळी तिनं सांगून टाकलं, "यंदा सँडविचं प्रत्येकानं आपापली बांधायची."

मुळात गाडी हा तिच्या मनातला जुना सल. कोल्हापुरात असताना वडिलांची बजाज चेतक घरात होती. ती चालवायला मिळाली धाकट्या भावाला. हिच्या वाट्याला आली लूना. लूना वाईट नव्हती. कॉलेजची तीन वर्षं तिनं इमानानं निभावली. पण तिला क्लच नाही, गिअर नाही. "तुला काय करायचाय गिअर?" असं म्हणणारी सगळी माणसं प्रेमळच होती. भाऊ पुढं गॅरेजवाला झाला, बहीण सातासमुद्रापार गेली, आणि गिअरची गोष्ट राहून गेली ती राहूनच गेली.

गाडी घ्यायची तर कुठली, इथं खरी कसोटी लागली. सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती. मुलीचं लग्न काढलं की जसा जो तो स्थळ सुचवतो, तसंच झालं.

नवऱ्यानं सुचवली युटिलिटी प्रकारातली क्वाड. पुढंमागं सामान ठेवायच्या जाळ्या, चारी चाकांना जोर, आपोआप बदलणारा वेग. शेतकरी, शिकारी, कुंपणं दुरुस्त करणारे लोक ही वापरतात. बसायचं आणि अंगठा दाबायचा. गुणी गाडी, पण वजन तीनशे किलोच्या घरात. ती अंगावर आली तर चोपन्न किलोच्या बाईचं काय होईल, हे एक्स-रे विभागातल्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय तिला सामान वाहायचं नव्हतं. अरुंद वाटांवर चपळपणे वळणारी, खड्ड्यातून अलगद जाणारी गाडी तिला हवी होती. म्हणजे स्पोर्ट प्रकारातली: जोर फक्त मागच्या दोन चाकांना, तोही चेननं, हातात क्लच, पायात गिअर, लांब हालचालीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि वजन पावणेदोनशे-एकशेनव्वद किलो.

सहकाऱ्याचा तरुण भाचा म्हणाला, यामाहाची बॅन्शी बघा. बॅन्शी म्हणजे ३४७ सीसीची, दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी. १९८७ ते २००६ या काळात अमेरिकेत ती विकली गेली आणि आजही तिचे भक्त आहेत. वाळूच्या टेकड्यांवर ती उडते म्हणतात. पण तिची ताकद खालच्या वेगाला झोपलेली असते आणि इंजिन वर चढलं की एकदम अंगात आल्यासारखी उठते. मुरलेल्या स्वाराला यातच मजा वाटते. दगडांमधून हळूहळू वाट काढणाऱ्या नवख्या माणसाला मात्र हा स्वभाव झेपत नाही. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, किक मारायची आणि रिव्हर्स गिअर नाही. बॅन्शी बाद.

दुकानदाराचा आग्रह ७०० सीसीचा. यामाहाची रॅप्टर ७०० ही २००६ सालापासूनची गाडी: ६८६ सीसी, फ्युएल इंजेक्शन, पाच गिअर आणि रिव्हर्सही. नव्या गाडीची किंमत नऊ-दहा हजार डॉलरांच्या घरात. तो दुकानदार म्हणाला, "छोटी घ्याल तर सहा महिन्यांत कंटाळाल, मग पुन्हा माझ्याकडेच याल." हे वाक्य क्वाडच्या दुकानात दर शनिवारी उच्चारलं जात असावं. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. काही जण खरोखर कंटाळतात. पण कंटाळायला आधी धड राहावं लागतं.

४५० सीसीच्या शर्यतीच्या गाड्याही तिनं पाहिल्या. दिसायला देखण्या, वजनाला हलक्या. पण त्यांचा जन्म उड्या मारायच्या मैदानासाठी झालेला. ताकद वरच्या वेगाला, स्प्रिंग कडक, रुंदी जास्त आणि यामाहाच्या वायएफझेड ४५०आरसारख्या गाडीला रिव्हर्स नाही. पाययूटच्या परिसरातल्या कितीतरी वाटांवर पन्नास इंचांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे. फाटकंच तेवढ्या मापाची. ४५०आर त्यात बसते खरी, पण जेमतेम. दोन झाडांमधून जाताना इंचाइंचाचा हिशेब करावा लागेल, तिथं नवख्यानं ही परीक्षा कशाला द्यायची?

राहिल्या दोन. एक, होंडाची २५०एक्स. नाव अडीचशे असलं तरी इंजिन २२९ सीसीचं. हवेवर थंड होणारं, शांत स्वभावाचं. क्लच दाबला तर दाबला, नाही दाबला तरी गाडी बंद पडत नाही, अशी त्यात सोय. दुसरी, होंडाचीच ४००ईएक्स. १९९९ साली आलेली, ३९७ सीसीची, हीदेखील हवेवर थंड होणारी. ताकद तळापासून एकसारखी, गुळाच्या पाकासारखी ओघळत येणारी. २००५ पासून तिला रिव्हर्स मिळाला. कोरडं वजन एकशेसत्तर किलोच्या आसपास. तिचं उत्पादन थांबूनही बरीच वर्षं झाली, म्हणजे घ्यायची तर जुनीच.

या टप्प्यावर घरातल्या तिसऱ्या माणसानं तोंड उघडलं. लेक तेव्हा नुकती सोळा पूर्ण करून सतरावं लागलेली. २५०चा फोटो बघून ती म्हणाली, "आई, ही तर बाळगाडी आहे. सातशेच घेऊ या ना!"

'घेऊ या' हा शब्द आईच्या कानाला टोचला. तोवर ती स्वतःसाठीच गाडी शोधत होती. गाडी एकदा गॅरेजमध्ये आली, की ती एकट्या आईची राहणार नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लटकणार. आई ड्यूटीवर असताना लेक ती बघणार. आज ना उद्या विचारणार, किंवा विचारणारही नाही. अमेरिकेत मोठ्या क्वाडच्या टाकीजवळ एक पट्टी चिकटवलेली असते: सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. कागदोपत्री लेक पात्र होती. पण सोळा वर्षं पूर्ण होणं आणि सातशे सीसीच्या गाडीचा अंगठा हलक्या हातानं दाबता येणं यांत फरक आहे. प्रश्न बदलला. 'मला कुठली आवडते?' याऐवजी, 'माझ्या माघारी माझ्या मुलीच्या हातात कुठली असलेली मला चालेल?' असा तो झाला. आणि प्रश्न बदलताच सातशेची गाडी यादीतून आपोआप गळाली.

या सावधगिरीमागं इतिहासही आहे. १९७० मध्ये होंडानं अमेरिकेत तीन चाकांची, फुग्यासारख्या टायरांची गाडी आणली. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत, तेव्हा बर्फाचिखलात चालणारं काहीतरी विक्रेत्यांना हवं होतं. लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण तीन चाकं वळणावर दगा देत. १९८२ मध्ये सुझुकीनं चार चाकांची गाडी काढली. दरम्यान अपघात इतके वाढले, की सरकारनं कंपन्यांना कोर्टात खेचलं आणि १९८८ च्या तडजोडीत नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्यानं त्यांच्यावर बंदी आली आणि चारचाकींसाठी सुरक्षेची मानकं सक्तीची झाली. तरीही दरवर्षी अमेरिकेत शेकडो माणसं या वाहनांवर जीव गमावतात. चौथं चाक लागलं म्हणून गाडी निर्धोक झाली नाही. स्वाराला शहाणपण स्वतःलाच आणावं लागतं.

ते शहाणपण गाडी घेण्याआधी आणलेलं बरं, असा तिनं विचार केला. युटामध्ये २०२३ पासून सार्वजनिक जमिनीवर असं वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला शिक्षणाचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो आईनं आणि लेकीनं शेजारी बसून केला. पण पडद्यावर पोहणं शिकून पाण्यात उतरता येत नाही. म्हणून दोघींनी अर्ध्या दिवसाचा मैदानी वर्गही लावला. गाड्या वर्गाच्याच होत्या, लहानशा.

तिथं पहिली गोष्ट कळली ती ही, की क्वाड म्हणजे जास्तीची दोन चाकं लावलेली मोटारसायकल नव्हे. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या दोन्ही चाकांचा आस एकच, सलग दांडा. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. इथं दोन्ही सारखीच फिरतात. त्यामुळं नुसतं हँडल फिरवून ती वळत नाही, सरळच जाऊ बघते. स्वारानं वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवायचं, आतल्या चाकावरचा पकडीचा हट्ट सुटतो आणि मग गाडी वळते. चढावर पुढं सरकायचं, उतारावर मागं. लांब सीट त्यासाठीच असते. आपल्याला सवय स्कूटरवर आई, बाबा, बाळ आणि पुढं उभा दादा बघायची. लांब सीट दिसली की आपण दोन माणसं मोजतो. क्वाडवर ती जागा एकाच माणसाच्या हालचालीची. मागं कुणी बसलं, की चालवणाऱ्याला सरकायला जागा उरत नाही आणि तोल हातचा जातो. सोमवारच्या त्या कागदांवरच्या 'मागं मित्राला बसवलं होतं' या ओळीचा अर्थ तिला असा मैदानात उमगला.

दुसरी गोष्ट डांबरी रस्त्याची. ही गाडी मातीत थोडी घसरत घसरतच वळते. डांबरावर टायर घट्ट धरून बसतात, घसरत नाहीत आणि गाडी उलटू बघते. कारच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा असते, हिच्यात चार-पाच. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर ती मोजताही येत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट क्लचची. वर्गाच्या दिवशी तिनं गाडी सात वेळा बंद पाडली. आठव्यांदा डावा हात हळूच सुटत गेला, उजवा अंगठा हळूच दाबत गेला आणि गाडी कुणी मायेनं पुढं ढकलावी तशी निघाली. चेतक राहिली होती ती इथं भेटली. शांत २५० मध्ये क्लचची माफी होती; पण तिला आता माफी नको होती. शिवाय उंचीचा हिशेब होता. दर हजार फुटांमागं इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ होते. दहा हजार फुटांवर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. २२९ सीसीतून तिसरा हिस्सा वजा केला, की लांब चढावर ती धापा टाकणार. ४०० मध्ये वजाबाकी करूनही हाताशी पुरेसं उरतं आणि जे उरतं ते अंगावर येत नाही. शेवटी पैशांचा हिशेब. घरात ठरलं होतं, सगळं मिळून पाच हजार डॉलर. नवी २५० घेतली तर सारे पैसे गाडीतच संपणार. जुनी ४०० घेतली तर हेल्मेटं, बूट, छातीचं कवच आणि ट्रेलरचं भाडं, सगळं बसणार होतं. दोन माणसांचं.

जुनी गाडी म्हटल्यावर कोल्हापूरचा भाऊ मैदानात उतरला. व्हिडिओ कॉलवर त्याचा अर्धा चेहरा आणि मागं टांगलेले पाने दिसायचे. त्यानं जन्मात क्वाड खोलली नव्हती. पण इंजिन ते इंजिन आणि बेअरिंग ते बेअरिंग.

"आक्का, जाशील तवा आधी इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर समज, तू यायच्या आधीच त्यानं गाडी सुरू करून ठेवलीया. थंड इंजिन खोटं बोलत न्हाई."

पहिली गाडी बघायला ती गेली तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं होतं. वर नवे स्टिकर, चमकते भडक मडगार्ड, मोठ्या आवाजाचा बाहेरचा सायलेन्सर. भावानं सांगितल्याप्रमाणं तिनं मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. खटखट आवाज आला. आसाच्या बेअरिंगला प्ले. पुढच्या चाकांनाही तसाच. तेलाची कांडी काळीकुट्ट. एअर फिल्टरच्या डब्यावर झाकणच नव्हतं आणि आतल्या स्पंजवर वाळू. फिल्टरमधून वाळू आत गेली, की सिलिंडर आणि रिंगा पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या झिजतात. विकणारा म्हणाला, झाकण काढलं की ताकद वाढते. तिनं आभार मानले आणि निघाली. लेक गाडीत बसल्यावर कुरकुरली, "पण रंग किती भारी होता!" आई म्हणाली, "स्थळ बघताना शेरवानी बघायची नसते."

दुसरी गाडी मिळाली १८ एप्रिल २०२४ ला, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडं. २००७ सालची ४००ईएक्स. लाल रंग उन्हानं फिकटलेला, सीटला एक ठिगळ. इंजिन बर्फासारखं थंड. चाकं हलवली, हलली नाहीत. चेनची पकड बरोबर, दाते अणकुचीदार झालेले नाहीत. चौकटीखाली वाकून पाहिलं. कुठं तडा नाही, वेल्डिंगचा जोड नाही. सायलेन्सर कंपनीचा, एअर फिल्टरचं झाकण जागेवर, स्पंज तेलानं ओला. चौकटीवरचा नंबर आणि मालकीचा कागद तिनं अक्षर अक्षर जुळवून पाहिला. चोरीची गाडी अशीच गळ्यात पडते. मग बटण दाबलं. दोन आचके देऊन इंजिन सुरू झालं. निळा धूर नाही. भावानं फोन इंजिनाजवळ धरायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. कोल्हापुरात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

"घे आक्का. बाई आजारी न्हाई, निस्ती वय झाल्याली हाय."

सौदा सत्तावीसशे डॉलरांना ठरला. म्हाताऱ्यानं टायरचा गेज आणि चेनचं तेल फुकट दिलं. उरलेल्या पैशांत दोघींची हेल्मेटं, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आली. पाय ठेवायच्या जागी जाळी असलेल्या पट्ट्या गाडीला आधीच लावलेल्या होत्या. त्या नसत्या तर तिनं सर्वांत आधी त्याच घेतल्या असत्या. निसटलेला पाय मागच्या चाकाखाली जाणं ही या गाडीवरची ठरलेली दुखापत.

एप्रिल-मेमध्ये वरच्या वाटा बर्फाखाली असतात. म्हणून सराव झाला लिटल सहारा नावाच्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात, सॉल्ट लेकपासून दोनेक तास दक्षिणेला. तिथं टेकडीपलीकडून येणाऱ्याला आपण दिसावं म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडी लावावी लागते. वारीतल्या पताकेसारखी ती फडफडणारी झेंडी बघून आईला हसू आलं. वाळूसाठी खास वल्ह्यासारखे टायर मिळतात. तिनं ते घेतले नाहीत. जंगल, दगड आणि थोडी वाळू अशा मिश्र वाटांना साधे खाचांचे टायर बरे. वाळूत थोडं मागं राहिलं तरी चालतं, दगडांवर घसरलं तर चालत नाही.

जूनमध्ये पाययूट. कार्बोरेटरची गाडी वर गेली, की हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळं गुदमरायला लागते. भावाच्या सांगण्यावरून तिनं स्वतः, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जुने पेपर पसरून, कार्बोरेटरचा जेट बदलून धाकटा घातला होता. नवरा दारात उभा राहून बघत होता. "अहो, तो छोटा स्क्रू ड्रायव्हर द्या बरं," असं ती म्हणाली तेव्हा त्यानं तो दिला. त्या एका हालचालीत चार महिन्यांचा वाद मिटला, असं म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी एका लांब चढावर, सुट्या गोट्यांवर, तिची गाडी बंद पडली. चूक गिअरची. पाठीमागं उतार, डावीकडं दरी. घाबरलेला माणूस अशा वेळी गाडी आडवी वळवतो आणि तिथंच उलटतो. तिनं ब्रेक घट्ट धरला, अंग चढाच्या बाजूला टाकलं आणि वर्गात शिकवल्याप्रमाणं आधी फक्त श्वास घेतला. मग गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि ब्रेकवर बोट ठेवून, सरळ रेषेत, वीतवीत मागं येत सपाटीवर आली. दुसऱ्यांदा पहिल्या गिअरमध्ये चढ पार झाला. मागून येणारा सहकारी काही बोलला नाही, नुसता अंगठा वर केला. त्या चढावर सातशे सीसी असती, तर अंगठा घाबरून थोडा जास्त दाबला जाण्याची शक्यता होती, आणि गोट्यांवर त्या जोरानं पुढची चाकं उचलली जायला वेळ लागत नाही. ४०० नं तिला चूक करू दिली आणि सुधारूही दिली. पहिल्या गाडीकडून माणसानं याहून अधिक काय मागावं?

लेकीचं काय झालं? तिला नियम घालून दिले: एकटीनं जायचं नाही, हेल्मेटशिवाय किल्ली नाही, मागं कुणी बसणार नाही, डांबरावर जायचं नाही. युटात अठरा वर्षांखालच्यांना हेल्मेटची सक्तीच आहे, त्यामुळं त्या मुद्द्यावर आईला कायद्याचा टेकू मिळाला. पहिल्या महिन्यात तिनंही गाडी बंद पाडली, चिखलात रुतवली, स्वतः ढकलून काढली. त्यानंतर 'बाळगाडी' हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. एकदा तर शेजारच्या मुलाला ती सांगत होती, "आधी इंजिनाला हात लावून बघ, गरम आहे का!" कोल्हापूरच्या गॅरेजमधलं शहाणपण युटाच्या अंगणात असं रुजलं.

पहिली क्वाड घेणाऱ्यानं म्हणूनच गाडीकडं बघण्याआधी तीन गोष्टींकडं बघावं. जायचं कुठं आहे: वाळूत, जंगलात, की दोन्हीकडं, आणि किती उंचावर? बसणार कोण आहे: त्याचं वजन, हातापायांची लांबी, आजवर काय चालवलंय? आणि आपल्या माघारी ती गाडी कुणाच्या हाती लागणार आहे? या तीन प्रश्नांची खरी उत्तरं दिली, की सीसीचा आकडा बहुतेक वेळा आपोआप खाली येतो. उरलेले पैसे हेल्मेटात आणि शिकण्यात घालावेत. गाडी पुढं बदलता येते, मोठी घेता येते. दुकानदार कुठं पळून जात नाही.

आपल्याकडच्या समुद्रकिनाऱ्यावरची ती दोन मिनिटांची फेरीसुद्धा याला अपवाद नाही. पुढच्या सहलीत मुलं 'क्वाड, क्वाड' म्हणून हट्ट करतील, तेव्हा हेल्मेट मागावं, ते डोक्याला बसतं का बघावं आणि मुलाला मागं बसवून फोटोसाठी वेग वाढवण्याचा मोह टाळावा. सीट लांब असली तरी जागा एकाचीच असते.